टँकरला जाणारी खुर्ची

शाळेनं दिलेली चाकांची खुर्ची मी घडी करून दाराच्या मागं ठेवली आणि वर जुनी चादर टाकली. धूळ बसू नये म्हणून नव्हे. दिसू नये म्हणून.

माझ्या मुलाला, अंगदला, तेव्हा दहावं वर्ष चालू होतं. स्नायू हळूहळू विरत जाण्याचा त्याचा आजार. डॉक्टरांनी मला तो कागदावर चित्र काढून समजावला होता, आणि मी बी.एस्सी. झालेली, त्यामुळं समजलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. चालणं जाणार हे नक्की होतं. कधी, ते नक्की नव्हतं. त्या 'कधी'ला मी घट्ट धरून बसले होते.

अपंग मुलांच्या त्याच्या शाळेत सत्यशीला मॅडम व्यायाम घ्यायच्या. टाचा ओढून धरणं, लोखंडी दांड्यांच्या मधे उभं करणं, झोपताना पायांना पट्टे बांधणं. घरी करायचं ते सगळं मी शिकून घेतलं. त्यांची एकच गोष्ट मी ऐकत नव्हते.

"ताई, फाटकापासून वर्गापर्यंत येण्यातच त्याची सगळी ताकद जाते," त्या म्हणायच्या. "मग पेन्सिल धरायला काही उरत नाही. लांब जायचं असेल तेव्हा खुर्ची वापरा. उभं राहणं आपण इथं रोज करूच."

"एकदा बसला की बसलाच, मॅडम."

"थकतो हो तो."

"मला कधी तसं म्हणत नाही."

खरंच म्हणत नव्हता. रिक्षातून उतरला की एक हात भिंतीला लावून, पोट पुढं काढून, चवड्यांवर डुलत डुलत निघायचा. मी फाटकाशी थांबायचे. वळणावर लिंबाचं झाड होतं, तिथं तो मागं वळून बघायचा. मी हात वर करायचे. मग तो वळून दिसेनासा व्हायचा आणि मी श्वास सोडायचे. आजचा दिवस झाला.

आमची कॉलनी देवळाईच्या पुढं, नवी. माझे सासरे मुंजाबा, मी त्यांना मामा म्हणते आणि अंगद आबा, ते सांगतात की आमचं स्वयंपाकघर आहे तिथं त्यांची मेंढरं बसायची. आता तीन-तीन मजले उठलेत. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, बोअर आटले, आणि नळाची लाईन अजून यायचीच होती. टँकर यायचा तो कोपऱ्यावर थांबायचा, कारण गल्ली ड्रेनेजसाठी उकरून ठेवलेली. तिथून घरापर्यंत कॅन वाहायचे. नवरा, राम, चितेगावच्या कंपनीत, बहुतेक दुपारपाळीला. मामांचा खांदा धरलेला. एका संध्याकाळी त्यांनी चादर ओढली आणि खुर्ची उघडली.

"मामा, ती अंगदची आहे."

"मग त्याच्यासाठीच पानी आनतो की. ते काय कोरडं ऱ्हातंय व्हय?"

"चाकं खराब होतील."

"बसून खराब व्हत्यात चाकं. फिरून नाय."

मला बरंच वाटलं म्हणा ना. खुर्ची कॅनची झाली. निळे दोन कॅन सीटवर, एक पायाच्या पाट्यांवर, आणि गल्लीभर पाण्याची ओली रेघ. ती अंगदची राहिली नाही, यातच मला समाधान होतं.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत मी आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवायचे. टँकरची वेळ तीच. त्यामुळं पाण्याचं सगळं मामा बघायचे, आणि अंगद त्यांच्याबरोबर, कोपऱ्यापर्यंत भिंतीला धरून, सावकाश. निदान मी तसं धरून चालले होते.

एप्रिलमध्ये एकदा वीज गेली म्हणून मी शिकवणी लवकर सोडली. कोपऱ्यावर टँकर उभा. पाईप, हंडे, ढकलाढकली. आणि त्या कालव्याच्या वर एक आवाज:

"ए दगडामावशी! तुमचा नंबर त्या हिरव्या कॅनच्या मागं. मी बघितलंय!"

"आला बघा सायेब!" दगडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "खुर्ची घावली की समदे आसंच बोलत्यात!"

बायका हसल्या. अंगदही हसला, मान मागं टाकून. तो खुर्चीत बसला होता. चाकं स्वतःच फिरवत रांगेच्या कडेनं पुढं जायचा, गर्रकन वळून मागं यायचा. दोन पोरं त्याच्या मागं पळत होती, त्यांना तो गाठू देत नव्हता. माझ्या मुलाला कुणी गाठू शकत नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मग त्याला मी दिसले.

हसू गेलं. त्यानं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले आणि उठायला लागला. "असू दे, बस," असं म्हणायला माझं तोंड उघडलं, पण शब्द वेळेवर निघाला नाही. तो अर्धा उठला, गुडघे वाकले, खुर्ची मागं सरकली आणि तो टँकरच्या चिखलात बसला. मामांनी कॅन टाकला आणि त्याला बगलेत धरून उचललं.

"कधीपासून बसतोय हा यात?" मी विचारलं.

"संक्रांतीपास्नं." मामा माझ्याकडं बघत नव्हते. "पोरगं पडतंय गं तनुजा. लई पडतंय. घरात बी. आईला सांगू नको म्हनला." मग घाईघाईनं म्हणाले, "पर मालीश चालू हाय माझी. येती बघ ताकद. तू काळजी करू नको."

घरी अर्ध्या तांब्या पाण्यात मी त्याचे पाय पुसले. जुने, नवे, हिरवे पडलेले डाग. एवढ्या जवळून रोज टाचा ओढत होते, आणि प्रत्येक डागाचं त्यानं काहीतरी सांगितलं होतं. पलंगाला लागलं. पाट्याला लागलं.

"मला का नाही सांगितलंस?"

तो गुडघ्याकडं बघत राहिला. "तू बघत असलीस की मला चालावंच लागतं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. पाणी आलं, वीज गेली, तसं सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिक्षाच्या मागं बांधून शाळेत नेली. मॅडमनी मला काही ऐकवलं नाही. पट्टा आखूड केला, पायाच्या पाट्या वर घेतल्या, एक चाक फिरवून पाहिलं.

"गंजलंय. पाणी वाहिलं का यातून?"

"हो."

"आमच्याकडच्या अर्ध्या खुर्च्या टँकरला जातात, ताई," त्या म्हणाल्या आणि तेलाची बाटली आणायला गेल्या.

अंगद निघाला. लिंबाच्या वळणावर त्यानं मागं बघितलं नाही, त्याचे हात चाकांत गुंतले होते. माझा हात अर्धा वर गेला होता तो मी खाली घेतला. त्या दिवशी त्यानं शुद्धलेखनाचं अख्खं पान लिहिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरात थोडंफार चालायचा. पलंगावरून मोरीपर्यंत, कधी टीव्हीच्या फळीपर्यंत. तो उठायला लागला की मी गॅसकडं तोंड करायचे. भाकरी थापायचे, डबे पुसायचे. मनाशी ठरवलंच होतं की बघायचं नाही. त्याला वाटलं तर उठेल, वाटलं तर बसेल. मागं भिंतीला हात घासल्याचा आवाज यायचा आणि मी वळायचे नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. आभाळ कोरडंच. मॅडमनी त्याला चटईवर झोपवून पाय वाकवून पाहिले, गुडघे पूर्वीसारखे सरळ होईनात.

"घरात चालतो का अजून?"

"नाही."

"शेवटचं कधी चालला, ताई?"

मी सांगायला लागले आणि थांबले. त्याचं पहिलं पाऊल मला माहीत होतं. खुलताबादला, माझ्या माहेरच्या ओट्यावर, सीताफळांच्या पाटीकडं, उजवा पाय आधी. शेवटचं आठवेना. रामला फोन लावला. तो म्हणाला, सुट्टीच्या सुरुवातीला कधीतरी, टीव्हीपाशी, पण ते नक्की चालणं होतं की धरून उभा होता, सांगता येत नाही. बाहेर बाकावर मामा बसले होते. ते म्हणाले, परवा मोरीत गेला की. पण परवा त्याला मोरीत मीच उचलून नेलं होतं.

"अंगद, तुला आठवतं का रे?"

"नाय," तो छताकडं बघत म्हणाला. "मी काय लक्ष नाय दिलं."

मी भिंतीशी उभी होते. मॅडमनी त्याचे पाय अलगद चटईवर ठेवले.

"असू द्या," मग त्या म्हणाल्या. "इकडं या. आता खांदे सांभाळायचेत. हे घरी करायचंय तुम्हाला."

मी चटईवर बसले. त्यांनी माझा एक हात त्याच्या कोपराखाली ठेवला, दुसरा मनगटावर. "हळू," म्हणाल्या. मी त्याचा हात उचलून डोक्याच्या वर नेला, आणि तो कुठं अडतोय ते बघायला लागले.