चाळणीचा तारा

मी चाळण बोलतेय. पिठाची साधी चाळण. अंगाला शेकडो भोकं, पण मिरवायची हौस दांडगी. का, ते सांगते.

कझाकांच्या देशातल्या कारागंडा शहरात आमची पाच मजली इमारत. तळमजल्यावरची कझाक कुल्याश माझी मालकीण. ती माझ्यात पीठ चाळून बाउरसाक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळायला बसली की अख्ख्या इमारतीला तिच्याकडे काहीतरी काम निघतं. पण सहा जानेवारी, जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळचा आदला दिवस, उजाडला की पाचव्या मजल्यावरची युक्रेनी स्तेफा मला मागून नेते. घेराला पुठ्ठ्याची आठ टोकं, त्यांवर चॉकलेटची चांदी, पाठीशी विजेरी, खाली झाडूचा दांडा. झाला नाताळचा तारा! मग दारोदार गाणी आणि पिशवीत गोळ्या-बिस्किटं. चाळीस वर्षांत तिने कझाक, कोरियन, रशियन, कुणाचंच दार सोडलं नाही. आठवड्याने मी परत पिठात.

यंदा तिचे गुडघे गेले आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून कुल्याशच मला घेऊन वर गेली.

"राहू दे गं आता," ती कुल्याशला म्हणाली. "माझ्यामागे असंही बंदच पडायचं हे."

मला फार वाईट वाटलं. कुल्याश मात्र मला घेऊन खाली आली आणि पुठ्ठे बांधायला बसली. दोन टोकं वाकडीच बसली. संध्याकाळी पहिल्या दारी उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपल्याला नाताळचं एकही गाणं येत नाही. मग तिने रमजानात दारोदार म्हणतात तेच गाणं खुशाल सुरू केलं. घरादाराचं भलं होवो, एवढंच तर म्हणायचं असतं.

दुसऱ्या मजल्यावरचा येरलान हसू लागला. "कुल्याशआपा, सण त्यांचा, गाणं आपलं. हे काय कडबोळं?"

"तू गोळ्या टाक पिशवीत," ती म्हणाली, "आणि चल मागे. सूर धरायला माणूस हवंय."

पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत मागे अर्धी इमारत होती. स्तेफा भिंत धरत धरत आली, दार उघडलं आणि बघतच राहिली.

"इतकी वर्षं तारा मीच फिरवला," ती म्हणाली. "माझ्या दारी कधी आलाच नव्हता गं."

मग डोळे पुसून तिने आधी माझी वाकडी टोकं सरळ केली. सवयच ती.

आता मी परत ओट्यावर आहे. घेराला थोडी चांदी चिकटलीय, कुल्याश ती काढत नाही. तुमच्याही जिन्यात सगळ्यांच्या दारी जाणारी एखादी स्तेफा असेल. एकदा तिच्या दारी जाऊन या.