ताका संपेपर्यंत

“ताका सुरू केला की संपवायचा. मग घर जळत असलं तरी चालेल, जाळीत रंग वाळता कामा नये.”

हा तिच्या नवऱ्याचा आवाज. तो जाऊन कैक वर्षं लोटली, तरी आवाज तिच्या कानात घर करून होता. नवी नवरी होती तेव्हा तिला त्याने छपाईच्या लांब टेबलाच्या अलीकडे उभं केलं आणि आपण पलीकडे उभा राहिला. मधे ताका, म्हणजे सलग लांब कापड, कापडावर जाळीची चौकट, चौकटीत रंग. रबरी पट्टी त्याने अर्ध्यापर्यंत ओढायची, उरलेली तिने. तो म्हणायचा ‘घे’, ती म्हणायची ‘दे’. टेबल असं रुंद, की एकट्या माणसाचा हात पुरतच नाही. आणि हात मधेच थांबला तर रंग जाळीच्या छिद्रांत बसतो, जाळी कायमची बाद होते.

नवरा गेला, मग पलीकडे मुलगा उभा राहिला. थोरल्या बहिणीने त्याचं नाव लहानपणीच ढब्बू पाडलेलं. गालच तसे होते. पट्टी ओढताना तो आईची थट्टा करायचा, “आई, जरा जोर लाव, रंग तुझ्याकडे पाहुणचाराला बसलाय.” इकडून आई, तिकडून लेक, मधे पोपटी पानांची रांग उमटत जायची, जशी ओवीमागून ओवी.

आज त्याच ढब्बूचं अपील मोठ्या कोर्टात चाललं होतं. आरोप खुनाच्या कटाचा होता. खून झालेला माणूस तिचा जावई.

ती मागच्या बाकावर बसली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, सरकारी वकिलाच्या बाजूला, तिची लेक, त्याच जावयाची बायको. दोघींच्या मधे चार माणसं सहज बसली असती. कुणीही बसलं नव्हतं.

गोष्ट साधी होती, म्हणूनच सोसत नव्हती. घरचा छपाईचा कारखाना जावई बघायचा. रंगाचे डबे चोरताना सापडला म्हणून त्याने मिशाळ नावाच्या कारागिराला हाकलून दिलं. मिशाळ ढब्बूचा जिवलग. ढब्बू भावोजींवर आधीच जळत होता, चारचौघांत त्यांनी त्याला ऐतखाऊ म्हटलं होतं. महिन्याभराने कारखान्यामागच्या बोळात, दिवस मावळता मावळता, मिशाळने आणि त्याच्या साथीदाराने जावयाला भोसकलं. भावोजी कोणत्या वाटेने घरी जातात, हे मिशाळला ढब्बूने सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ढब्बूच्या फोनवर मिशाळचा फोन आला होता, आणि लगेच ढब्बूने भावोजींना फोन लावला होता. तो उचलला गेला नाही. सरकारी वकिलाचं म्हणणं, सावज निघालं की नाही ते बघायलाच तो फोन.

ढब्बूचा बचाव एकच: त्या वेळी मी घरी, आईसमोर छपाईच्या टेबलाशी होतो. आईने शपथेवर तेच सांगितलं. खालच्या कोर्टाने ते झटकून टाकलं, आई आहे, बोलणारच. लेकीने त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर एवढंच म्हटलं, “लेकासाठी साक्ष झाली, आई. जावयासाठी कोण देणार?” आणि बोलणं टाकलं.

आई खोटं बोलली नव्हती. ढब्बू खरंच समोर होता. पण साक्षीची अर्धी पट्टी तिने ओढलीच नव्हती.

तुरुंगात पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा गजांपलीकडचे गाल पार बसले होते. तो हळूच म्हणाला होता, “मी समोर होतो, एवढंच सांग. पुढचं नको. मी तर ताईचा गेलोच. तू तरी तिची राहा.” तिने मान डोलावली. जिभेवर दगड ठेवला तो ठेवलाच.

ढब्बूच्या वकीलबाई पोटतिडकीने बोलत होत्या. त्यांनी आईला आधीच समजावलं होतं, “मावशी, कट कुणी डोळ्यांनी बघत नाही. तुकडे जोडून दाखवतात. आपण म्हणायचं, तुकडे जुळत नाहीत.” आता त्या न्यायाधीशांना तेच सांगत होत्या: मित्राला वाट सांगणं म्हणजे जीव घ्यायला सांगणं नव्हे, आणि हा पोरगा तर तिथे नव्हताच.

वयस्क न्यायाधीशांनी चष्मा काढला. आवाजात राग नव्हता, म्हणून तो अधिक लागला. म्हणाले, आई खरं बोलते असं धरून चालू. मग? वाट सांगणाऱ्याला वाटेवर उभं राहावं लागत नाही. कटात असलेला माणूस घरी बसूनही कटात असतो. साक्ष खरी मानली तरी तिचं वजन इथे पडत नाही.

इतकी वर्षं काळजाशी धरून ठेवलेली साक्ष. खोटी ठरली असती तर तिला एवढं लागलं नसतं. ती खरी ठरली आणि तरी फुकट गेली.

मग त्यांनी विचारलं, “त्याने माघार घेतली, मयताला सावध करायला धडपडला, असं काही पुराव्यात आहे?”

वकीलबाईंनी कागद चाळले, उगाचच. “नाही,” म्हणाल्या. न्यायाधीश जेवणाच्या सुट्टीसाठी उठले.

लेक बाहेर व्हरांड्यात खिडकीशी जाऊन उभी राहिली. आई मागोमाग गेली. किती दिवसांनी ती लेकीच्या इतक्या जवळ उभी होती; कानामागे पांढरे केस दिसले. या वयात.

“वकीलबाईंना सांगायचंय काहीतरी,” आई म्हणाली. “त्याने तो सुटेल की आणखी अडकेल, मला कळत नाही. पण आधी तुला सांगते. मग तू मला आई म्हण नाहीतर नको म्हणूस.”

लेकीने मान वळवली नाही. पण गेलीही नाही.

“तो फोन आला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने जावयांना फोन लावला. ते उचलेनात. पट्टी तशीच सोडून म्हणाला, आई, भावोजींना बोळातून जाऊ नका सांगून येतो. मला वाटलं, बोळ खणलाय, त्याचं काहीतरी असेल.”

“आणि?” लेक म्हणाली.

“तो दारापर्यंत गेला होता.”

“मग पोचला का नाही?”

आईने हात पुढे केले. नखांच्या कडांत पोपटी रंग बसला होता, धुऊन न जाणारा.

“मी म्हटलं, ताका संपव आधी. तो म्हणाला, आई, जाऊ दे. मी म्हटलं, जाळी बसेल, तुझ्या बाबांची जाळी आहे. जन्मात कधी माझं ऐकलं नाही गं त्याने. त्या दिवशी ऐकलं. तो निघाला होता. मी थांबवला.”