अडीचनं गुणायचं

लिटरसाहेबांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: दारू पिऊन खोटं बोलणारी आणि न पिता खोटं बोलणारी. आपण स्वतः कुठल्या रकान्यात बसतो, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. रकाने ते दुसऱ्यांसाठी आखत.

सांख्यिकी कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत त्यांचं टेबल होतं. देशात कोण किती पितो याचा तक्ता गेली बावीस वर्षं त्याच टेबलावरून बाहेर पडत होता. बियर किती खपली, वाइन किती, कडक दारू किती. त्या सगळ्यातलं पाणी वजा केलं तर निव्वळ मद्यार्क किती. आणि तो पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांत वाटला तर माणशी किती लिटर. 'लिटरसाहेब' हे नाव कारकुनांनी पाडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्या दिवशी जगाची नवी यादी जाहीर झाली होती आणि सकाळपासून फोन गप्प बसत नव्हता.

"सर, आपला देश चौदाव्या नंबरवर आलाय," एक बातमीदार म्हणाला. "यावर तुमची प्रतिक्रिया?"

"तुम्हाला वर सरकायचंय की खाली?"

"म्हणजे?"

"म्हणजे अभिनंदन करू की सांत्वन, ते सांगा. मग तसं बोलतो."

पलीकडे नुसताच खोकला आला. साहेबांनी फोन ठेवला आणि समोरच्या कारकुनाकडे बघून नाक मुरडलं. त्यांना त्या यादीची मनापासून किळस होती. पहिल्या नंबरवर एक टीचभर बेट बसलं होतं. तिथं पिणारे सगळे सुट्टीवर आलेले पाहुणे, आणि भागाकार मात्र बेटावरच्या मूठभर लोकांनी केलेला. म्हणजे कागदावर तिथली आजीबाईसुद्धा रोज अर्धी बाटली रिचवत होती. अगदी तळाला एक असा देश होता जिथं दारूला कायद्यानंच बंदी. तिथला अधिकारी दरवर्षी बाणेदारपणे शून्य लिहून पाठवी, आणि परिषदेला आला की त्याला हॉटेलच्या बारमधून दोघांनी धरून खोलीत न्यावं लागे. शेजारच्या देशाचं तर दरवर्षीचं एकच रडगाणं: आमच्याकडची दारू आम्ही पीत नाही हो, पाहुणे पितात.

"पाहुणे पितात," साहेब कारकुनाला म्हणाले. "सगळ्या जगाची दारू पाहुणे पितात. मग हे पाहुणे राहतात तरी कुठं?"

कारकून हसला. दरवर्षी तो याच ठिकाणी हसत असे.

पण साहेबांचा खरा राग होता तो आपल्याच लोकांवर. दर तीन वर्षांनी कार्यालयाची माणसं घरोघर जाऊन विचारत: गेल्या आठवड्यात किती घेतली? लोक सांगत, कधीतरी. लग्नाबिग्नात. एखादा ग्लास, तोही मित्रानं आग्रह केला म्हणून. ही सगळी कधीतरीची बेरीज केली तर देशात विकलेल्या दारूच्या निम्मीसुद्धा भरत नसे. कारखान्यातून निघाली, दुकानातून विकली गेली, कर भरला गेला, आणि मग ती प्यायलं कोण, तर कुणीच नाही. साहेबांनी त्यावर एक जालीम तोडगा काढला होता. लोक जे सांगतील त्याला सरळ अडीचनं गुणायचं. हा गुणक त्यांनीच बसवला होता, अहवालात त्यांच्या सहीनिशी छापला होता, आणि तो शिकवायला ते नव्या पोरांना समोर बसवून म्हणत, "माणूस दारूबद्दल तोंड उघडतो तेव्हा तो थाप मारत असतो. त्याच्यावर रागवायचं नाही. गुणायचं."

रागवायचं नाही असं म्हणताना त्यांच्या कपाळावरची शीर मात्र ताडताड उडत असे.

त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते. येत्या सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि उद्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरला भेटायचं होतं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हॉस्पिटलचं पत्रक घेऊन बसली होती. त्यातल्या एका परिच्छेदाखाली तिनं पेन्सिलीनं रेघ ओढली होती. रोज पिणाऱ्याची दारू ऑपरेशनमुळे अचानक तुटली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग थरथरतं, भास होतात, झटके येतात, जीवावरही बेतू शकतं. तरी डॉक्टरांना नेमकं प्रमाण सांगावं.

तिला हे पत्रकातून कळायची गरज नव्हती. तिचे मामा हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला गेले होते. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, कधीतरी. तिसऱ्या दिवशी ते खाटेवर उभे राहून भिंतीवरचे नसलेले किडे झाडायला लागले आणि चौथ्या दिवशी गेले.

"उद्या ती डॉक्टर विचारेल," बायको म्हणाली. "आकडा तुम्ही सांगायचा. मी तोंड उघडणार नाही."

"आकडे कसे सांगायचे ते तू मला शिकवणार?"

"तुमच्या आईला मीच सांगत आले. ऑफिसात फोन मीच करत आले. ताप आहे, पोट बिघडलंय, पाठ धरलीय. मुलीच्या सासरच्यांना सांगितलं, औषधानं ह्यांचे डोळे लाल होतात. माझ्याकडच्या थापा आता संपल्या."

असल्या बोलण्याला उत्तर देणं साहेबांना कमीपणाचं वाटे. कपाटातून त्यांनी बाटली काढली आणि मापाचा छोटा ग्लास काढला. आपण मोजून पितो याचा त्यांना मोठा अभिमान होता. कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसणाऱ्या गबाळ्या लोकांसारखे ते नव्हते. पहिला पेग मापानं ओतला जाई, दुसरा नजरेनं, आणि त्यापुढचे बाटलीच्या मर्जीनं; पण मापाचा ग्लास शेवटपर्यंत शेजारी उभा असे, त्यामुळे सगळेच मोजल्यासारखे वाटत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर दोघं बाकावर बसले होते. समोर एका लठ्ठ माणसाला नर्स काहीतरी विचारत होती आणि तो "छे छे, फक्त बियर" म्हणत होता.

"फक्त बियर," साहेब बायकोच्या कानाशी पुटपुटले. "जसा काही कोमट पाण्यात लिंबू पिळून घेतो."

बायको भिंतीकडे बघत राहिली. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिनं बसायला सांगितलं, छातीला नळी लावली, तोंड उघडायला लावलं, मान मागं करायला लावली, आणि मग कागद पुढ्यात ओढला. "दारू घेता का, काका?"

काका. साहेबांना त्या शब्दानं झिणझिण्या आल्या.

"घेतो."

"रोज?"

"बहुतेक."

"किती?"

इथं साहेबांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी बावीस वर्षं हजारो लोकांना करताना कागदावर पाहिली होती. त्यांनी जरा छताकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन पेग."

बायकोनं पर्स मांडीवरून उचलून पोटाशी धरली.

डॉक्टरनं लिहिलं. साहेबांची नजर कागदावर गेली. उलटी अक्षरं वाचायची त्यांना सवय होती. तिनं पाच लिहिले होते.

"मी दोन म्हणालो."

"हो. आम्ही अडीचनं गुणतो," ती सहज म्हणाली. "सगळे कमीच सांगतात. सांख्यिकीवाल्यांचा अहवाल आहे तसा."

साहेब ताठ बसले. क्षणभर त्यांना अतोनात आनंद झाला. बावीस वर्षांत त्यांचा गुणक कुणी खरोखर वापरताना त्यांनी पाहिलं नव्हतं. पण लगेच त्या आनंदाच्या जागी तिटकारा आला, तोच नेहमीचा, अडाण्यांनी आकड्यांची वाट लावलेली बघून येणारा.

"तो गुणक असा वापरायचा नसतो," ते म्हणाले. "तो सगळ्या देशाच्या बेरजेचा आहे. एका माणसाला लावायचा नाही. त्यात अजिबात न पिणारेही आले, आठवड्याला एक घेणारेही आले. जो कमी पितो तो थोडं लपवतो, जो जास्त पितो तो खूप लपवतो. समोर बसलेल्या माणसाला सरसकट अडीच लावणं म्हणजे शुद्ध गाढवपणा आहे. अहवालात हे स्पष्ट लिहिलंय, पान चौऱ्याऐंशी. पण वाचतंय कोण?"

"तुम्हाला बरंच माहीत आहे."

"तो अहवाल माझा आहे."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग बरंच झालं. गुणक नको. तुमच्यापुरता खरा आकडा सांगा. मला भूल किती द्यायची, नंतर कुठली औषधं चालू ठेवायची, सगळं त्यावर आहे. चूक झाली तर तुम्ही झटक्यात जाल, आणि ते निस्तरायला आम्हाला वेळ मिळेलच असं नाही."

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांना वाटलं, खोटं सांगायचं तर आता सांगता येईल, पण चुकीचा आकडा आपल्या नावावर राहील. लाजेपेक्षा त्यांना ते जास्त असह्य होतं. त्यांनी डोळे मिटून नीट हिशेब केला, प्रामाणिकपणे, आयुष्यात पहिल्यांदाच.

"पाच," ते म्हणाले.

डॉक्टरनं कागदाकडे पाहिलं. "पाचच लिहिलेत मी."

गाढवपणाच्या पद्धतीनं उत्तर बरोबर आलं होतं. पण निदान त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आता तरी ही खूश होईल, असं वाटून ते बायकोकडे वळले.

बायकोचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी बोलणार नव्हते," ती डॉक्टरला म्हणाली. "हे खोटं बोलले असते तर मी बोललेही नसते. पण हे खोटं बोलत नाहीयेत हो. ह्यांना खरंच पाच वाटतात."

"तू गप्प बस," साहेब म्हणाले.

"रिकाम्या बाटल्या दर शुक्रवारी मी खाली नेते. आठवड्याला पाच. शिवाय बियरचे डबे वेगळे. गेली दोन वर्षं कधी चार झाल्या नाहीत."

"त्यातली अर्धी तुझा भाऊ पितो. रविवारी येतो तेव्हा."

"माझ्या भावानं चार वर्षांपूर्वी सोडली. तो येतो, समोर बसतो, लिंबूपाणी पितो. तुम्ही त्याचाही ग्लास भरता आणि नंतर तो तुम्हीच संपवता."

साहेबांना रविवार आठवायचा होता. मेव्हण्याचं हसणं आठवलं, टेबल आठवलं, भरलेला ग्लास आठवला. तो ग्लास कुणी रिकामा केला ते काही केल्या आठवेना. पाच बाटल्यांचा भागाकार मात्र त्यांच्या डोक्यात आपोआप होऊन बसला: रोजचे नऊ पेग, डबे न धरता.

हजारो लोक त्यांच्या टेबलावरून गेले होते, कधीतरी आणि एखादा ग्लास सांगणारे, आणि त्या सगळ्यांना त्यांनी थापाडे ठरवलं होतं. त्यांतल्या कितीजणांना खरंच तेवढंच वाटत होतं, हे विचारायला त्यांच्या प्रश्नावलीत रकानाच नव्हता. त्यांना आपलीच भयंकर किळस आली, आणि तिच्या खालून भीती वर आली. सोमवारी ऑपरेशन, म्हणजे तिसरा दिवस बुधवारी. बायकोच्या मामांना ते हॉस्पिटलात भेटले होते. तेव्हा बाहेर येऊन ते म्हणाले होते, म्हातारा खोटारडा होता.

"सोमवारी करता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "आठवडाभर आधी दाखल व्हावं लागेल. हळूहळू कमी करू, औषधं देऊ, मग बघू." ती दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. पेनचं टोक कागदावर टेकलेलं होतं. "पण मला इथं एकच आकडा लिहायचाय. कोणता लिहू?"

बायकोनं मान खाली घातली. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

साहेबांनी हात टेबलाखाली नेला आणि तो बायकोच्या हाताला लागला तसा तिथंच राहू दिला.

"हिचा लिहा," ते म्हणाले.