फ्लेक्सवरचा हात

आपल्याकडे कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की आधी फ्लेक्स लागतो, मग माणूस. मृणाली जर्मनीहून परतली आणि दोनच दिवसांत अंजूरच्या नाक्यावर तिचा भलामोठा फ्लेक्स झळकला. 'अंजूरची कन्या सातासमुद्रापार! हार्दिक अभिनंदन!' दोन गोऱ्या मुली आणि त्यांच्याशेजारी हसणारी मृणाली. संध्याकाळी देवळासमोर तिचा सत्कार होता.

फ्लेक्स पाहायला ती हौसेनं नाक्यावर गेली आणि जागीच थबकली. फोटोत तिच्या खांद्यावर मेंदी रंगलेला एक हात होता. मनगटामागे माणूसच नव्हता!

तो हात शाइस्ताचा होता, जर्मनीत तिच्याच खोलीत राहिलेल्या मैत्रिणीचा.

"बाबा, फोटोतली शाइस्ता कुठं गेली?" घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं.

तिचे वडील केसरीनाथ हारवाल्याशी फोनवर बोलत होते. गोदामांचे मालक, गावात शब्दाला वजन. "काढाला सांगितली मीच," ते शांतपणे म्हणाले. "गोऱ्या पोरी हायेत ना? बस झाला. भिवंडीच्या मोमीनांची पोर आपल्या फ्लेक्सवर कशाला? गाव काय बोलंल?"

मृणालीचे डोळे भरून आले.

तरुणांच्या त्या जर्मनीच्या आदानप्रदान सहलीला जिल्ह्यातून जी मोजकी मुलं निवडली गेली, त्यांत भिवंडी तालुक्यातल्या या दोघीच. आयोजकांनी त्यांना एका खोलीत टाकलं, तेव्हा दोघींचीही तोंडं उतरली होती. हलाल नसल्यानं शाइस्ताला तिथलं मटण चालत नव्हतं, मृणालीला ते फिकं जेवण घशाखाली उतरत नव्हतं. दोघी आपापल्या उकडलेल्या बटाट्यांकडे बघत बसायच्या. शेवटी मृणालीनं आईनं बांधून दिलेली सुकट वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तव्यावर टाकली आणि घोटाळा झाला! सगळ्या मजल्यावर वास पसरला. गटार फुटलं की काय म्हणून मुली नाकाला रुमाल लावून धावत आल्या. मृणालीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अरे, ये तो सुकट है! मेरी अम्मी बनाती है!" गर्दीतून शाइस्ता पुढं आली. तिनं खिडक्या उघडल्या, पावात सुकट भरून पहिला घास स्वतः खाल्ला आणि दुसरा एका जर्मन मुलीच्या हातात दिला. ती मुलगी तिखटानं नाचली आणि पुन्हा मागायला आली. त्या दिवसापासून सगळे एकाच टेबलावर जेवू लागले. पुढं मृणालीला ताप आला, तेव्हा उशाशी बसून राहिली तीही शाइस्ताच.

"उद्या ती नाक्यावरून गेली तर, बाबा? तिला तिचा हात ओळखता येईल," मृणाली म्हणाली. "मी सत्काराला बसणार नाही."

"गावासमोर माजी मान खाली घालशील?"

आता हौसाआत्या पुढं झाली. केसरीनाथांची ही थोरली बहीण.

"केसरी, ही गोदामं काल झाली. त्याच्या आधी टोपली डोक्यावर घेऊन भिवंडीच्या गल्ल्यांन सुकट कोणी विकली? मी! घेतली कोणी? त्याच मोमीनांच्या बायांनी. उन्हान दिसली की ओट्यावर बसवून पाणी द्यायच्या. त्यांचा पाणी चालला, त्यांच्या पैशावर तुजी शाळा चालली, आन त्यांची पोर फोटोन चालत न्हाय?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी व्हती, ताई. मधी दंगल झाली..."

"झाली ना! तवा घाबरून आपण दार लावला, त्यांनी पण लावला. पोरींनी परदेशान जाऊन ते उघडला, तर तू कातर घेऊन उभा ऱ्हायलास!"

केसरीनाथ उठले, नाक्यावर गेले आणि स्वतः उभं राहून फ्लेक्स उतरवून घेतला. परत आले ते गाडीची किल्ली हातात घेऊनच. "चल गो, घर दाखव तिचा."

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटातून शाइस्ताचे अब्बा बाहेर आले, केसांत कापसाची पिंज. सभा गाजवणाऱ्या केसरीनाथांनी हात जोडले. "भाईसाब, फोटो में से तुमारी बेटी को मैंने निकाला. गलती हो गयी. आज दोनों का सत्कार साथ में करेंगे. आप भी चलो."

अब्बांनी खाली पाहिलं. "हमने भी मोहल्ले में किसी को नहीं बताया, कमरे में साथ कौन थी."

दोघं बाप एकमेकांकडे बघून एकदमच हसले. दारात उभ्या शाइस्तानं धावत येऊन मृणालीला मिठी मारली.

संध्याकाळी देवळासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. काहींनी नाकं मुरडली, दोघेतिघे उठूनही गेले. पण हौसाआत्यानं कानशिलावर बोटं मोडून दोन्ही मुलींची अलाबला घेतली, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि केसरीनाथांची टाळी सगळ्यांत मोठ्यानं वाजली.

वाचकहो, अंजूरहून भिवंडीला शेअर रिक्षा जाते. तरी या दोन मुलींना एकमेकींना भेटायला जर्मनीला जावं लागलं! असं एखादं दार आपल्याही शेजारच्या गल्लीत असेल. त्याला विमानाचं तिकीट लागत नाही. आजच जाऊन ठोठावा!