मेर्वीचा चॉकलेटी पंचा

"चाकानंतर माणसाने काही मोलाचं शोधलं असेल, तर ते हे!" भर सौनात, त्या लाकडी वाफेच्या खोलीत, मेर्वीने जाहीर केलं आणि पोटावर थाप मारली. तिथे इस्ट्रोजेनची पट्टी चिकटवलेली होती. घामाने आधीच सैल झालेली ती पट्टी थापेसरशी निसटली आणि फळ्यांच्या फटीत नाहीशी झाली.

"गेलं तुझं चाक," थोरली बहीण तुइया म्हणाली. "सौना झाल्यावर लावावी माणसाने."

मेर्वी फिरत्या वाचनालयाची बस चालवायची. पन्नाशी उलटल्यावर रात्री घामात जायच्या आणि दिवस चिडण्यात. एकदा उशिरा पुस्तक परत केलं म्हणून तिने एका वाचकाला बसमधून खाली उतरवलं. तो गावचा पाद्री निघाला. पट्टी लागली, झोप लागली, पाद्रीही पुन्हा पुस्तकं नेऊ लागला.

पट्टीबरोबर रात्री घ्यायची एक गोळीही होती. त्या गोळीने सकाळी डोकं जड व्हायचं, आणि बस तर सकाळीच निघायची.

"मी कुठे घेते ती गोळी?" तुइया तेव्हा म्हणाली होती. "इतकी वर्षं नुसती पट्टी लावतेय. झालंय काही मला?"

मेर्वीने गोळी सोडली.

आज तुइयाची नजर बहिणीच्या बुडाखाली गेली. सौनात जो तो आपला पंचा अंथरून बसतो, आणि मेर्वीचा जन्मभर पांढराशुभ्र असे.

"हा चॉकलेटी कुठून काढलास?"

"मळत नाही."

"सौनात मळायला येतेस तू?"

मेर्वी वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी टाकायला उठली. चॉकलेटी रंगाने आपलं काम नीट केलं नव्हतं.

तुइयाची थट्टा तिथेच थांबली. "कधीपासून?"

"बर्फ वितळल्यापासून. अधूनमधून."

"अगं, पाळी जाऊन वर्षं झाली तुझी! डॉक्टरला सांगितलंस?"

"सांगितलं की पट्टी काढून घेतील. मग मी पुन्हा पाद्री ढकलत बसू?"

त्याच आठवड्यात तुइयाने तिला दवाखान्यात नेलं.

"अस्तर जाड झालंय," तपासणी आटोपल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुकडा तपासायला पाठवते. गोळी का सोडलीत? पट्टीने गर्भाशयाचं अस्तर वाढतं, गोळी त्याला आवरते."

"माझी बहीणही घेत नाही."

"त्यांना गर्भाशय आहे?"

"काढलंय," कोपऱ्यातून तुइया म्हणाली. "गाठी होत्या." दोघींना ठाऊक असलेली गोष्ट. दोघींपैकी एकीनेही ती गोळीशी जोडून पाहिली नव्हती.

"मग त्यांना गोळी नकोच. तुम्हाला हवीच होती."

"कर्करोग?" मेर्वीने विचारलं.

"असेल, नसेलही. पण पाळी गेल्यावर रक्त दिसलं की लगेच यायचं असतं. निकाल येईपर्यंत पट्टी बंद. पुढचं पुढे ठरवू."

बाहेरच्या बाकावर तुइया कोसळलीच. वडिलांच्या दफनाला डोळे कोरडे ठेवणारी बाई हुंदके देऊन रडत होती.

"मीच सांगितलं तुला. मीच! मेर्वी, मला माफ करशील?"



"ते बघू," मेर्वी म्हणाली. "आधी जरा उठ. माझ्या कोटावर बसलीयेस."