बाराच्या उन्हात मी वाजले नाही

मित्रांनो, मी पितळेची शिटी आहे, आणि आता बऱ्यापैकी जुनी झाले आहे. मला कुठल्या कारखान्यात घडवलं ते मला ठाऊक नाही. पोटात बुचाची एक छोटी गोळी आहे, ती गरगर फिरली की मी वाजते. एवढंच माझं शरीर.

अकरा वर्षं मी हवालदार अंबाजींच्या गळ्यात होते. हैदराबादच्या एका लष्करी प्रशिक्षण केंद्रात ते नव्या जवानांना शिकवत. जवान त्यांना उस्ताद म्हणत. पहाटे मी वाजले की बेचाळीस जोडी बूट एकदम धावत सुटायचे. माझ्या आवाजाचं फार कौतुक व्हायचं, आणि मला ते आवडायचंही.

पण एका मे महिन्यात मी वाजले आणि युवराज नावाचा जवान दुपारच्या उन्हात पळता पळता कोसळला. तो वाचला, पण अठरा दिवस दवाखान्यात राहून कायमचा घरी गेला. त्यानंतर अंबाजी मला ओठांना लावण्याआधी क्षणभर थांबू लागले. पूर्वी थांबत नसत.

दोन वर्षांनी पुन्हा मे आला. परेडला दोघे उशिरा आले म्हणून कॅप्टन साहेबांनी हुकूम दिला, की सगळ्या तुकडीने पाठीवर ओझं घेऊन मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या. दुपारचे बारा वाजले होते. तुकडीतल्या उदयला सकाळपासून उलट्या होत होत्या. तिथलं बोलणं हिंदीत चालतं, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"साहेब, संध्याकाळी पळवतो. आता नको," अंबाजी म्हणाले.

"उस्ताद, हा हुकूम आहे. शिटी मारा."

मी ओठांपर्यंत गेले होते. अंबाजींचा हात खाली आला.

"नाही मारणार, साहेब."

पळणं टळलं, पण अंबाजींवर चौकशी लागली. त्याच संध्याकाळी सुभेदार प्रतापराव चिक्कडपल्लीला अंबाजींच्या घरी आले. दोघांची जुनी ओळख.

"अंबाजी, बढतीच्या यादीत नाव आहे तुझं. डोकं चालव. सांग, गोळी अडकली, शिटी वाजलीच नाही. कर्नल साहेब मानतील. त्यांनाही प्रकरण वाढवायचं नाही."

"हौ, असंच सांगा ना!" अंबाजींच्या पत्नी, त्रिवेणीताई, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "शिटीला कुठं बढती पाहिजे?"

"पोरांनी माझा हात खाली येताना पाहिलाय."

"पोरांना कोण विचारतंय?" प्रतापराव म्हणाले.

त्रिवेणीताईंचा आवाज बदलला. "अहो, राणी सात वर्षांची आहे. तुम्हाला आत टाकलं तर तिला काय सांगू मी? बाबा कुठं गेले म्हणून?"

मित्रांनो, खरं सांगू? मला वाटत होतं, अंबाजींनी तसंच सांगावं. मोडकी म्हणवून घ्यायला मी तयार होते.

चौकशीच्या दिवशी मला कर्नल साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"ऐकलं, ही बिघडली होती?"

"नाही साहेब. चांगली आहे. हुकूम ऐकला होता. मीच वाजवली नाही."

"वाजवून दाखवा."

अजूनही वेळ होता. हळूच फुंकलं असतं तर मी फुसफुसले असते, आणि सगळं निभावलं असतं. पण अंबाजींनी छाती भरून श्वास घेतला, आणि मी अशी वाजले की खिडकीची काच थरथरली. बाहेर जेवणाच्या रांगेत उभे असलेले बेचाळीस जवान ताटल्या टाकून धावले आणि मैदानात सरळ ओळ करून उभे राहिले. उदयही होता त्यात.

कर्नल साहेबांनी खिडकीतून ती ओळ पाहिली. "एका शिटीवर सगळे हजर. हुकूम मानायला तुम्हीच शिकवलंत ना यांना? आणि स्वतः?"

"म्हणूनच, साहेब. ही पोरं विचारणार नाहीत. मी वाजवली तर पडेपर्यंत पळतील."

शिक्षा झालीच. अंबाजींच्या नोंदपत्रात लाल शाईने ठपका आला, यादीतून नाव गेलं, त्यांना मैदानावरून काढून कोठारात बसवलं. "शिक्षा बरोबर आहे," ते घरी म्हणाले. "मी हुकूम मोडला." त्रिवेणीताई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी राणीने वेणी घालून घेताना विचारलं, "आई, बाबांनी ऐकलं नाही म्हणून शिक्षा झाली ना? मग मी ऐकायचं की नाही?"

त्यांचा हात थांबला. "ऐकायचं," त्या म्हणाल्या. मग वेणीला रिबीन बांधताना, "आणि कुणाला लागणार असेल, तर येऊन मला सांगायचं. मी रागावले तरी सांगायचं."

आता मी अंबाजींच्या घरात खिळ्याला टांगलेली असते. पितळ काळं पडत चाललंय, गोळी सुकत चाललीय. मन मात्र शांत नाही. युवराजच्या वेळी मी वाजले होते, हे मला विसरता येत नाही.

मित्रांनो, कधी तुम्ही वर्गाचे प्रमुख व्हाल, संघाचे कप्तान व्हाल. माझ्यासारखी एखादी तुमच्याही गळ्यात येईल. तिला पुसत जा, कोरडी ठेवा. आणि फुंकण्याआधी ओळीत सगळ्यांत दमलेला कोण आहे, ते एकदा बघा. तेवढा वेळ थांबायला आम्हा शिट्यांची काही हरकत नसते.