माझं माप कशाला घेता?

मित्रांनो, मी एक जुनी दुमजली बस आहे. मला छप्पर नाही. जन्मले तेव्हा होतं. एके दिवशी कारखान्यात एक माणूस टेप घेऊन आला, वरचा मजला इकडून तिकडून मोजला, "छान, छान" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी माझं छप्पर कापून बाजूला ठेवलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून टेप दिसली की मी सावध होते.

छप्पर गेलं आणि मी शहर दाखवणारी बस झाले. आमची रीत साधी आहे. सकाळी एकदा तिकीट काढायचं, मनगटाला कागदी पट्टी बांधून घ्यायची आणि दिवसभर वाटेल तिथे उतरायचं, वाटेल तिथे पुन्हा चढायचं. संग्रहालय, घड्याळाचा मनोरा, वाचनालय, जुना पूल, बंदर. सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. मग नव्या चकचकीत गाड्या आल्या आणि माझ्या वाट्याला थोड्याच फेऱ्या आणि डेपोतला कोपरा उरला. तिथे शेजारी एक थोरली बस उभी असे. एकदा तिचं माप घेऊन गेले, जाड खाकी कापडाची खोळ शिवून आणली आणि तिला डोक्यापासून चाकांपर्यंत झाकलं. ती पुन्हा रस्त्यावर दिसली नाही. तेव्हा मी संशयी आहे, ती काही उगाच नाही.

माझा पहिला संशय खिडकीतल्या आजींवर होता. वाचनालयाच्या पुढे एक अरुंद गल्ली लागते. तिथल्या एका पहिल्या मजल्यावरची खिडकी माझ्या वरच्या सीटांच्या अगदी समोर येते. बाकीचे लोक मला बघतात आणि आपल्या कामाला लागतात. या आजी मात्र खुर्चीत बसून टक लावून बघत राहायच्या. प्रवासी हात हलवायचे, त्याही हलवायच्या. पण मला वाटायचं, या माझ्या फेऱ्यांवर नजर ठेवून आहेत आणि कुणाला तरी कळवत असणार.

दुसरा संशय टेपवाल्या बाईवर. एका सकाळी ती संग्रहालयापाशी चढली. गळ्यात शिंप्याची टेप. तिने आधी माझा जिना मोजला. जिथे तो वळतो, तिथे तर पुन्हा पुन्हा मोजला. मग वर जाऊन पुढची सीट मोजली. मनोऱ्यापाशी उतरली तेव्हा मला वाटलं, चला, सुटले. पण तिने खाली वाकून फुटपाथपासून माझ्या पायरीपर्यंत माप घेतलं आणि पुन्हा चढली. वाचनालयापाशी तेच, पुलापाशी तेच. लोक शहर बघायला उतरत होते आणि ही माझी पायरी बघायला.

कंडक्टरताईंनाही ते खटकलं. "काय चाललंय तुमचं? तिकीट काढलंय ना, मग शहर बघा की."

"माप घेतेय," बाई म्हणाली. "शिवणकाम करते मी."

"बसचं काय शिवणार तुम्ही?"

"जमलं तर दाखवीन. आधीच बोलून बसायला नको."

खोळ, दुसरं काय शिवणार? त्या दिवसापासून मी फार शहाण्यासारखी वागू लागले. इंजिन एका दमात सुरू करायचं, दार कुरकुर न करता लावायचं. "म्हातारी सुधारली," असं ड्रायव्हरमामा कौतुकाने म्हणाले. त्यांना काय माहीत माझ्या जिवाला काय घोर लागला होता.

काही आठवड्यांनी ती बाई वाचनालयाच्या थांब्यावर उभी दिसली. हातात जाड खाकी कापडाचा गठ्ठा. माझं इंजिनच बंद पडलं. आणि तिच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत कोण? खिडकीतल्या आजी. म्हणजे दोघी सामील होत्या तर.

बाईने गठ्ठा उलगडला. तो फारच लहान निघाला, माझं एक चाकही झाकलं गेलं नसतं. दोन्हीकडे दुहेरी शिवणीच्या मजबूत मुठी होत्या. ती झोळी होती, एका माणसाला बसवून उचलण्यापुरती.

"ही माझी आई," ती कंडक्टरताईंना सांगू लागली. "पडल्यापासून चालता येत नाही. रोज म्हणते, सगळे मला वरून बघून जातात, मला एकदा तिथून आपलं घर बघायचंय. तुमचे सगळे थांबे मोजले. फुटपाथ इथेच सगळ्यात उंच आहे, पायरीला जवळजवळ टेकतो. जिन्याचं वळण घरी खडूने काढलं आणि त्यावर ही बेतली. बघू या."

ड्रायव्हरमामांनी पुढून धरलं, लेकीने मागून. कंडक्टरताईंनी आजींच्या चपला हातात घेतल्या. वळणावर सगळे अडले. माझा कठडा कापडाला घासला, शिवण ताणली गेली. मला स्वतःचीच लाज वाटली आणि धडकीही भरली. पण शिवण टिकली आणि आजी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

गल्ली आली तसं मामांनी मला अगदी हळू केलं. समोर ती खिडकी, आत रिकामी खुर्ची. आजींनी सवयीने त्या खुर्चीला हात हलवला.

"केवढीशी खोली गं आपली," त्या म्हणाल्या. "आणि पडदे धुवायला झालेत."

लेकीने गळ्यातल्या टेपनेच डोळे पुसले. आजी मागे वळून कंडक्टरताईंना म्हणाल्या, "तिकीट दिवसभराचं आहे ना? मग मध्ये उतरलंच पाहिजे, असं नाही ना?"

त्या दिवशी आजी शेवटच्या फेरीपर्यंत उतरल्या नाहीत.

मित्रांनो, टेपवर माझा अजूनही विश्वास नाही. परवाच डेपोत एक माणूस टेप घेऊन फिरत होता, मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा ती टेप कदाचित तुमच्याच हातात असेल. माझ्यासारख्या जुन्या गाडीला खोळ घालण्याआधी तिच्या वाटेवरच्या खिडक्यांकडे एकदा बघून घ्या. तिथे कुणाचं तरी अजून वर यायचं राहिलं असेल.